टायमिंगची चैन

धाराशिवच्या गॅरेजमधून मी घरी फोन केला आणि सांगितलं, "टायमिंगची चैन बदलावी लागतीय, गाडी दोन दिवस इथंच राहील." फोन सासूबाईंनी उचलला होता. इंजिनातली साखळी त्यांना काय ठाऊक! त्यांच्या कानावर पडली ती नुसती चैन. मी एसटीनं बेंबळीला येईपर्यंत बातमी भावकीत फिरली होती आणि धाकटे दीर ओसरीवर येऊन बसले होते.

"वहिनी, आई म्हणती गाडीवर चैन करायलाव तुम्ही. अडीच लाख किलोमीटर पळालीय ती. भंगारात घाला की! शाळेत मी सोडीन फटफटीवर."

मला असा संताप आला की चपला काढायचंही सुचेना. 'सोडीन' म्हणे! नवरा गेल्यावर वर्षभर मी ह्याच 'सोडीन'वर काढलं होतं. ह्यांना सवड झाली की माझी शाळा, ह्यांना सवड झाली की माझा दवाखाना. सासूबाईंना तर तेर गावातल्या बहिणीकडं 'सोडीन' म्हणून दोन वर्षं झाली तरी नेलं नव्हतं. शेवटी पंचेचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकले. पहिल्याच आठवड्यात गोठ्याची भिंत पाडली, पण शिकले. सासूबाई मात्र त्या दिवसापासून माझ्या गाडीत बसायला भ्यायच्या.

नवऱ्याची आठवण म्हणून गाडी जपते बिचारी, असं गाव म्हणतं. साफ खोटं. आठवणीला भिंतीवर फोटो आहे. ते होते तेव्हा ह्या गाडीत मी कायम मागं बसायचे, पुढची जागा कुणा ना कुणा पाहुण्याची. मला गाडी हवी ती तेरच्या शाळेत शिकवायला माझ्या वेळेनं जायला आणि माझ्या वेळेनं परत यायला.

"होय, करतेय चैन," असं म्हणून मी आत गेले. दिराला मी इतकं तोडून कधी बोलले नव्हते. बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून गॅरेजात जाऊन बसले. म्हातारे मिस्त्री म्हणाले, "मॅडम, ही चैन चालत्या गाडीत तुटली तर इंजिन खलास. पण खोलल्यावर आत काय निघंल, त्याची हमी न्हाय."

"खोला," मी म्हणाले.

जुनी साखळी बाजेच्या सैल नवारीसारखी लोंबत होती. रोज सकाळी गाडी सुरू करताना खडखड व्हायची ती हिचीच. मिस्त्रींनी दात्यांच्या चाकांवरच्या खुणा जुळवून नवी साखळी चढवली, मग पान्यानं इंजिन हातानंच दोन फेरे फिरवलं. मी वाकून बघत होते. एक खूण समोर यायला हवी होती, ती दाताभर सरकली होती.

"एका दाताचा फरक हाय," मिस्त्री माझ्याकडं न बघता म्हणाले. "जुन्या गाडीला चालतंय तेवढं."

"मला चालत नाही. परत काढा."

त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मग हसले, म्हणाले, "बराबर हाय तुमचं," आणि सगळं परत उतरवलं. दुसऱ्या वेळी खुणा समोरासमोर आल्या. किल्ली मी फिरवली. खडखड गेली होती. चारचौघांत माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही.

घरी आल्यावर सासूबाईंना समजावून सांगितलं की चैन म्हणजे साखळी, ती तुटली की गाडी संपली.

सकाळी मी शाळेला निघाले, तर त्या इरकली लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन गाडीपाशी उभ्या. मी सवयीनं मागचं दार उघडलं. त्यांनी ते लावलं आणि पुढचं उघडून आत बसल्या. तेवढ्यात दीर आले. "आई, कुठं निघालीस?"

"चैन करायला," सासूबाई म्हणाल्या. आणि मला म्हणाल्या, "चल गं. जलमभर मागंच बसले."