रोहनला कुठे उभं करायचं?

साताऱ्याहून निघताना बायकोने दोन गोष्टी दिल्या. शैलासाठी मेतकुटाचा डबा आणि माझ्यासाठी मारुतीचा अंगारा. अंगारा मी मागितला नव्हता, पण इतकी वर्षं संसार करून तिने मला पुरतं ओळखलं आहे. मी भित्रा माणूस. विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासण्यात माझी नोकरी चालली आहे, आणि रोज सकाळी चहाबरोबर दुसऱ्यांची मोडलेली हाडं वाचणारा धीट राहील कसा? जिना उतरताना मला जिन्यावरून घसरलेले दावेदार आठवतात. विमानाचं तर बोलायलाच नको. मुंबई सोडल्यापासून फ्रँकफर्ट येईपर्यंत मी पट्टा सैल केला नाही.

मी हौसेने निघालो नव्हतो. शैला माझी धाकटी बहीण. ऐंशीच्या सुमारास फिजिओथेरपीचं शिकायला जर्मनीत गेली, वनखात्यातल्या युर्गनशी लग्न करून कायझर्सलाउटर्नला स्थायिक झाली. त्यांचा एकुलता एक मुलगा रोहन. यंदा फेब्रुवारीत तिचा फोन आला तेव्हा आवाज नेहमीचा नव्हता. रोहन तिथल्या क्लबात अमेरिकन फुटबॉल खेळतो हे मला ठाऊक होतं. आता अमेरिकेतल्या एका कॉलेजचा कोच मुलं निवडायला तिथे येणार होता आणि त्याने रोहनला नाव घेऊन बोलावलं होतं. निवड झाली तर फी माफ, आणि मुलगा शिकायला अमेरिकेला.

"दादा, तू ये आणि त्याला थांबव," शैला म्हणाली. "आमचं तो ऐकत नाही. आणि माणसाला घाबरवण्यात तुझा हात कोणी धरणार नाही."

हे कौतुक होतं की टोमणा, ते मी विचारलं नाही.

हा फुटबॉल आपला नव्हे, हे आधी सांगितलं पाहिजे. चेंडू अंड्याच्या आकाराचा, आणि तो बहुतेक वेळ हातातच असतो. डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर ढालीसारखे पॅड, आणि दोन्ही बाजूंची धिप्पाड मुलं एकमेकांवर धडकतात. कोणी चेंडू फेकतो, कोणी झेलतो, कोणी फेकणाऱ्यापुढे भिंत होऊन उभा राहतो, आणि समोरच्या बाजूचे त्या सगळ्यांना आडवं करायला टपलेले असतात. कोण कुठे उभं राहणार हे आधी ठरतं, आणि मुलाचं पुढचं सगळं त्या जागेवर अवलंबून असतं. म्हणून कोच नुसता खेळाडू शोधत नाही, आपल्या रिकाम्या जागेत बसेल असा खेळाडू शोधतो.

फ्रँकफर्टला रोहन घ्यायला आला होता. मागे भेटला तेव्हा माझ्या खांद्याला लागत होता, आता त्याच्याशी बोलायला मला मान वर करावी लागली. तो वाकून पाया पडला. मग मी कवेत घ्यायला पुढे झालो तर त्याने हात पुढे केला आणि बोटांच्या नुसत्या टोकांनी माझा हात धरल्यासारखा केला. मला वाईट वाटलं. भाचा पुरता जर्मन झाला, असं मनात म्हणालो.

मानहाइमला गाडी बदलताना मी घाईने समोरच्या डब्यात चढलो आणि ऐसपैस खुर्चीत बसलो. तो पहिल्या वर्गाचा डबा निघाला. तपासनीस आल्यावर मला दंड, पोलीस, परत पाठवणी असं सगळं डोळ्यांपुढे दिसलं. रोहनने दोन वाक्यं बोलून मला आणि माझ्या बॅगेला उचलून पुढच्या डब्यात नेलं. पुढे फाल्झचं जंगल सुरू झालं. दोन्ही बाजूंना दाट उभी झाडं, मधूनच तांबड्या दगडाचे कडे, आणि एकामागून एक बोगदे. प्रत्येक बोगद्यात मी खिशातला अंगारा चाचपत होतो. गाव आलं तेव्हा टेकडीवरचं भलंमोठं स्टेडियम दिसलं. पुढच्या वर्षीच्या विश्वचषकासाठी ते वाढवत होते. साऱ्या गावाला त्या गोल चेंडूच्या फुटबॉलचं वेड, आणि आमच्या घरात मात्र अंड्याच्या आकाराच्या चेंडूने झोप उडवलेली.

युर्गनराव (मी त्यांना मेहुण्याचा मान देऊन राव लावतो, त्यांना ते आवडतं) मितभाषी आहेत. त्यांनी माझ्यासाठी झाउमागन (डुकराच्या जठरात भरून शिजवलेलं मांस आणि बटाटे) केलं होतं. नुसतं नाव समजून घेतल्यावरच मी मेतकूटभाताचा आश्रय घेतला. दुसऱ्या दिवशीची डाम्फनूडल (वाफेवर फुगवलेला, तळाला खारट खरपूस झालेला पाव) मात्र मी बटाट्याच्या सूपबरोबर पोटभर खाल्ली. त्या सूपसाठी ग्रुम्बेरे (तिकडच्या बोलीत बटाटे) आणायला शैलाने मला केलरमध्ये (तळघरात) पाठवलं होतं. दिवा सापडेना. चाचपडत गेलो तर फळीवरून एक तोंड माझ्याकडे बघत होतं, तोंडाला लोखंडी गज. मी ओरडलोच. ते रोहनचं हेल्मेट होतं, वाळत ठेवलेलं. उजेडात पाहिलं तर त्याच्या कपाळावर इतर संघांच्या हेल्मेटांचे रंग लागले होते, लाल, पिवळे, हिरवे. एकेक रंग म्हणजे एकेक टक्कर.

त्या संध्याकाळी शैलाने माझ्या मानेवर मागून बोट ठेवलं. "इथे, दादा. एवढीशी जागा आहे. इथे लागलं की माझ्याकडे येतात ती माणसं, आणि काहींना मी फक्त चमचा धरायला शिकवू शकते." तिचं बोट गार होतं.

कोचच्या चाचणीच्या सकाळी युर्गनरावांना जंगलात वादळाने पडलेल्या झाडांमुळे जावं लागलं. शैला म्हणाली, मला बघवणार नाही. म्हणून मीच रोहनबरोबर निघालो. गाडी तो चालवत होता. धुकं एवढं की पुढच्या गाडीचे दिवेसुद्धा उशिरा दिसत, आणि मी पाय दाबून नसलेला ब्रेक मारत होतो. मनात भाषणाची जुळवाजुळव चालली होती. एक जुना दावा निवडला होता, चांगला भयंकर, तो सांगून सुरुवात करायची.

इतक्यात रोहनने जंगलाच्या कडेला गाडी थांबवली. त्याला घरातलं मराठी सगळं समजतं, पण उत्तर तो जर्मनमध्ये देतो. त्या दिवशी मात्र तो मराठीत बोलला, लहानपणी बोलायचा तसं.

"मामा, मला भीती वाटते."

मला आनंद झाला, हे लपवत नाही. मासा आपण होऊन गळाला लागला होता. मी म्हणालो, "मग वळव गाडी. लागेल म्हणून घाबरणं यात लाज कसली?"

"मला लागेल म्हणून नाही," तो म्हणाला.

मग तुटक मराठीत, अडलं की जर्मन आणि इंग्रजीत, त्याने सांगितलं. गेल्या शरदात एका सामन्यात त्याने चेंडू घेऊन पळणाऱ्या मुलाला पूर्ण वेगाने धडक दिली. नियमात बसणारी, अगदी शिकवल्यासारखी धडक. तो मुलगा उठला नाही. गवतावर त्याचे हात हलत नव्हते. ॲम्ब्युलन्स आली. मुलगा पुढे बरा झाला, पण कित्येक आठवडे मानेला पट्टा बांधून होता. रोहनचे साथीदार त्याची पाठ थोपटत होते. त्या धडकेची चित्रफीत क्लबने अमेरिकेला पाठवली आणि कोचने त्याला बोलावलं ते तीच पाहून. समोरच्याला आडवं करणाऱ्याच्या जागेसाठी.

"तेव्हापासून कोणाला हात लावायला भीती वाटते," तो म्हणाला. स्टिअरिंगवरचे आपले हात तो असे बघत होता की जणू ते दुसऱ्याचे आहेत. मला विमानतळावरची ती बोटांची टोकं आठवली.

आईबाबांना का नाही सांगितलं, मी विचारलं. तो म्हणाला, आई म्हणेल सोड. बाबा म्हणेल तुझी चूक नव्हती. "तू घाबरतोस, मामा. म्हणून तुला सांगितलं."

"मग सोड ना."

"आल्झो (म्हणजे बघ), खेळायचं आहे. तसं नाही खेळायचं."

मैदान अमेरिकन सैनिकांच्या वसाहतीजवळ होतं. गवतावर हिम, आणि मुलांच्या तोंडातून वाफा. कोच पिकल्या केसांचा, टोपी घातलेला, खोकल्याच्या गोळ्या चघळणारा माणूस होता. तो मुलांची मनगटं आणि घोटे बघत होता, अजून किती भरतील याचा अंदाज घेत. आईबापांची उंचीही विचारत होता. आमच्याकडे जत्रेच्या बाजारात खोंड घेणारे असेच बघतात. मी रोहनचा सख्खा मामा आहे म्हटल्यावर त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, खाली यायला त्याला फार वेळ लागला नाही, आणि विषय बदलला.

मग धडकांची चाचणी सुरू झाली. एकाने चेंडू घेऊन पळायचं आणि दुसऱ्याने त्याला पाडायचं. प्रत्येक धडकेचा आवाज पोत्यावर पोतं टाकल्यासारखा येत होता. रोहनची पाळी आली. तो वाऱ्यासारखा सुटला, आणि ऐन जवळ पोचल्यावर त्याचा पाय आखडला. त्याने त्या मुलाला नुसतं मिठीत धरलं. पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच. कुंपणापलीकडची मुलं हसली. कोच माझ्याकडे आला.

"चित्रफितीतला मुलगा हाच ना? त्याला काही दुखापत आहे का? मान? खरं सांगा. दुखऱ्या मानेचा मुलगा मी नेणार नाही."

मान. एवढा एक शब्द पुरे होता. शैलाचं काम झालं असतं, रोहन घरी राहिला असता आणि कोणाला कधी कळलं नसतं. खोटी मानदुखी पकडण्यात माझी हयात गेली, त्यामुळे ती कशी सांगायची हेही मला पाठ होतं. मी रोहनकडे पाहिलं. त्याने हेल्मेट काढलं होतं आणि तो मान खाली घालून उभा होता. मी त्याला हाक मारली.

"तू सांगतोस की मी सांगू?"

"तू सांग, मामा."

मी माझ्या साताऱ्याच्या इंग्रजीत सगळं सांगितलं. कोचने टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाला की धडक देता देता जो कचरतो तो स्वतःचीच मान मोडून घेतो, तेव्हा त्या जागी हा मुलगा आता उभा राहणार नाही. मी मनात अंगाऱ्याचे आभार मानले. सुटलो.

"पण माझ्याकडे आणखी एक जागा रिकामी आहे," कोच म्हणाला.

त्याने रोहनला चेंडू फेकणाऱ्याच्या पुढे उभं केलं. तिथे कोणाला पाडायचं नसतं. मागच्याला कोणाचा हात लागू द्यायचा नाही, एवढंच काम. समोरून एक सैनिकाचा मुलगा आला, दारातून आडवं होऊनच जावं लागेल असा रुंद. मी डोळे मिटले. आवाज आला. डोळे उघडले तर रोहन तिथेच होता, गुडघे वाकवून, हात पुढे रोवून. तो मुलगा पुन्हा आला, डावीकडून आला, खाली वाकून आला. रोहन हलला नाही. मागे चेंडू फेकणारा पोरगा निवांत चेंडू फेकत होता. कुंपणापलीकडे आता कोणी हसत नव्हतं. कोचने गोळी चघळायची थांबवली होती.

मी विचारलं, या जागेवर मार किती बसतो?

"दर वेळी, सर," कोच म्हणाला. "प्रत्येक खेळीला. खोटं सांगणार नाही."

रोहन हेल्मेटच्या गजांमागून हसत होता. त्या भेटीत मी त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिलं, आणि मला रडू आलं. भीतीचं की कसलं, कोण जाणे.

घरी आलो तेव्हा शैला दारातच होती. "थांबवलंस?"

"नाही."

रोहनने तिला आत नेलं आणि जे गाडीत मला सांगितलं होतं ते तिला सांगितलं, मराठीतच. ती बराच वेळ त्याचे हात हातात धरून बसली. मग त्याला नवीन जागा कोणती दिली ते तिने विचारलं आणि ऐकून डोळे मिटले. तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. ती मला ओरडेल असं वाटलं होतं. तिने कपाटातून टॉवेल काढला, रोहनला खुर्चीवर बसवलं, टॉवेल त्याच्या कपाळाला लावून मागून दोन्ही टोकं धरली आणि म्हणाली, "ढकल. मान ताठ. हळू नको, नीट ढकल." माझा मुक्काम संपेपर्यंत हा व्यायाम रोज चालला. युर्गनराव शेजारी उभे राहून "गेनाऊ, गेनाऊ" (अगदी बरोबर) म्हणत. त्यांचाही चेहरा माझ्याइतकाच पांढरा होता.

परतताना रोहन फ्रँकफर्टपर्यंत आला. पाया पडला आणि पुन्हा बोटांची टोकं पुढे केली.

"असं नको," मी म्हणालो. "नीट धर."

"तुला लागेल, मामा."

"लागू दे."

त्याने मला धरलं. माझे पाय जमिनीवरून सुटले, बरगडीत कट्कन काहीतरी वाजलं आणि मी ओरडलो नाही. विमानात श्वास घेताना कळ येत होती. खोटं कशाला सांगू, त्या कळेमुळे विमानाची भीती वाटायला सवड मिळाली नाही. साताऱ्याला डॉक्टर म्हणाले, बारीकशी चीर आहे, आपोआप भरेल. मी त्याचा दावा केला नाही.

रोहन आता अमेरिकेत आहे. त्यांचे सामने शनिवारी असतात आणि शैला मला रविवारी फोन करते. माझी भीती गेलेली नाही, उलट आता तिला दर आठवड्याचा वार मिळाला आहे. रविवारी फोन वाजला की माझा हात आधी बरगडीकडे जातो आणि मग फोनकडे.