ते इंजिन दाजींनी जाळलं नाही

आमच्या घरात सगळे म्हणतात की त्या गाडीचं इंजिन दाजींनी जाळलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान, मंगळवेढ्याचे. जेवणं झाली, सुपारी फिरली की कुणीतरी ही गोष्ट काढतं. सगळे हसतात, दाजीही हसतात आणि इतकी वर्षं मीही हसत आलोय. ते इंजिन दाजींनी जाळलेलं नाही. मी जाळलं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

आणि आणखी एक. ते इंजिन वाईट होतं असंही मी कुणाला म्हणू देणार नाही. "जुनी टर्बो डिझेल घ्यायची म्हणजे मिस्त्रीच्या पोरांची लग्नं आपण लावायची," असं आमच्याकडं लोक म्हणतात. म्हणोत. मी ती गाडी नवी असल्यापासून वापरली, नंतर दाजींना दिली, आणि तिची प्रत्येक नळी माझ्या बोटांना ठाऊक होती.

चार सिलिंडर, दोन लिटरला थोडं कमी, नव्वद घोड्यांची ताकद. कागदावर हे काही फार नाही. मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आत तर ते इंजिन दुपारच्या झोपेतून उठवलेल्या माणसासारखं वागायचं. पण तो आकडा ओलांडला, टर्बो हवा कोंबायला लागला, की पाठ सीटला टेकायची. भर मे महिन्यात एसी लावून, पाच माणसं आणि डिकीत ज्वारीचं पोतं घेऊन, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला मी त्या गाडीनं एका दमात मागं टाकलंय. आणि वर डिझेल प्यायची ती चिमणीसारखं.

तिचे दोषही मला पाठ होते. टायमिंग बेल्ट वेळेवर बदलला नाही तर तो तुटणार आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटणार. धुराचा काही भाग परत आत नेणारी नळी काजळीनं चोंदणार. हीटर प्लग गेला की थंडीत गाडी खोकत सुरू होणार. रबरी होज चिरला की शिट्टी वाजणार आणि दम जाणार. आणि खुद्द टर्बो. धुराच्या जोरावर भिरभिरणारा तो पंखा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. लांबून जोरात आलेली गाडी थांबल्या थांबल्या बंद केली, की ते तेल आतल्या आत करपतं आणि हळूहळू टर्बोचे सील जातात. म्हणून थांबल्यावर मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवायचं. याला मी दोष म्हणत नाही. या त्या इंजिनाच्या अटी होत्या, आणि दाजी त्या माझ्यापेक्षा जास्त पाळायचे.

जुळे सोलापुरात माझ्या दारात गाडी यायची, आक्का उतरून आत यायची आणि दाजी गाडीतच बसून राहायचे.

"उतरा की," आक्का दारातून ओरडायची. "गाडी पोचली. तुम्ही कवा पोचणार?"

"थांब की. टर्बो गार होतोय."

"त्याच्याबरोबर चहा बी गार होतोय. मग दोघं मिळून प्या."

असा माणूस. त्याला आमच्या घरानं इंजिन जाळणारा ठरवलं.

दाजींना खरं तर पेट्रोल गाडी हवी होती. माझी ही डिझेलच घ्या म्हणून मी त्यांना सगळ्यांसमोर पटवलं. "टर्बोची जबाबदारी माझी. तुम्ही फक्त चालवा," असं मी म्हणालो होतो. त्याप्रमाणे ते महिना-दोन महिन्यांनी एखाद्या रविवारी यायचे आणि बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये मी बनियनवर त्यांची गाडी उघडायचो. शेजारपाजारचे लोक आपल्या गाड्यांचे आवाज ऐकवायला माझ्याकडं यायचे. हा मान मला नोकरीत कधीच मिळाला नव्हता. हे सांगायला लागतं, कारण पुढचं सगळं त्या मानापायी झालं.

अशाच एका रविवारी मी टर्बोकडून हवा गार करणाऱ्या इंटरकूलरकडं जाणारी नळी सोडवली. तिच्यात फक्त हवा असायला हवी. बोट घातलं तर ते तेलानं काळं होऊन बाहेर आलं. पंख्याचा दांडा चिमटीत धरून हलवला तर तो बाजूला हलत होता. टर्बो तेल पीत होता. सील गेले होते. मला काहीही शंका नव्हती.

वर जाऊन एवढंच म्हणायचं होतं की दाजी, गाडी आज नेऊ नका. पण वर आक्का, माझी बायको आणि गप्पा मारायला आलेले दोन शेजारी बसले होते, आणि मी जबाबदारीवाला होतो. पुढच्या वेळी गुपचूप टर्बो बदलून टाकू, तोवर काय होतंय, असं मी स्वतःला सांगितलं. नळी फडक्यानं आतून पुसली आणि क्लिप आवळली.

मग तेल. पट्टी काढून पाहिली तर तेल खालच्या खुणेशी आलेलं. आता आमच्याकडची रीत अशी की जावयाची गाडी रिकामी पाठवायची नाही. काचा पुसायच्या, पाणी भरायचं, डिकीत काहीतरी ठेवायचं. आमच्या भागात ज्वारीचं माप कुणी सपाट करून देत नाही, वर शीग येईपर्यंत ओततात. मी तेल तसंच ओतलं. वरच्या खुणेच्याही बरंच वर गेलं तरी ओतत राहिलो. पितोय तर पिऊ दे, मंगळवेढ्याला जाऊन परत येईपर्यंत पुरलं पाहिजे. हात सैल सोडून वाढायची सवय आणि झाकून ठेवायची घाई, दोन्ही एकाच कॅनमधून ओतली.

ज्यांनी डिझेल इंजिन उघडलंय ते इथंच कपाळाला हात लावतील. तेल जास्त झालं की आतला दाब त्याला हवेच्या वाटेनं वर ढकलतो. त्यात टर्बोचे सील गेलेले. मग इंजिन डिझेल सोडून स्वतःचंच तेल जाळायला लागतं, आणि तेव्हा किल्ली बंद करून उपयोग नसतो.

बेगमपूरचा पूल ओलांडल्यावर तेच झालं. दाजींनी पाय काढला तरी गाडी वेग घेत राहिली. क्लच दाबला तर इंजिन किंचाळायला लागलं. त्या अवस्थेत त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला आणून उभी केली, न्यूट्रल केली, किल्ली काढून हातात घेतली. इंजिन चालूच. मागं पांढऱ्या-निळ्या धुराचा डोंगर. त्यांनी आधी आक्काला बाहेर काढून शेतात लांब उभं केलं आणि मग खांद्यावरच्या टॉवेलनं मागच्या गाड्या थांबवत राहिले. शेवटी आत काहीतरी तुटल्याचा आवाज आला आणि सगळं गप्प झालं.

अशा वेळी एकच उपाय असतो. गाडी वरच्या गिअरमध्ये टाकायची, ब्रेक दाबून धरायचा आणि क्लच सोडून इंजिनाचा गळा दाबायचा. मला तो माहीत होता. दाजींना मी कधी सांगितला नाही. त्या रविवारी सांगायचा तर का सांगतोय हेही सांगावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी मंगळवेढ्याच्या गॅरेजमध्ये मी गेलो. तिथल्या मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, वास घेतला आणि निकाल दिला. "हाणली आसंल. टर्बो हाय म्हणून काय इमान समजून उडवायची?"

"मी साठच्या वर न्हवतो," दाजी म्हणाले.

"समदी साठच सांगत्यात." मिस्त्री हसला. "तेल कोण बघतं?"

"आमचं पाव्हणं बघत्यात," माझ्याकडं हात करून दाजी म्हणाले. "त्यांच्या हातनं चूक व्हत न्हाय."

मी दोन हात लांब उभा होतो. मी काय बोललो, ते लिहितो. मी म्हणालो, "जाऊ द्या दाजी, कुणाच्याही हातनं होतं."

मिस्त्री इंजिन खोलतो म्हणत होता. मी खोलू दिलं नाही. खर्च कशाला, जुनीच होती, असं म्हणून गाडी भंगारात घालायला लावली. खोललं असतं तर तेलानं स्वतः साक्ष दिली असती. मला एसटीवर सोडायला येताना रिक्षात दाजी हळूच म्हणाले, "पाव्हणं, माझाच पाय अडकला आसंल का वो? घाबरून दाबला आसंल?" एसटी स्टँड येईपर्यंत मी बाहेर बघत राहिलो.

त्यानंतर दाजींनी स्टिअरिंगला हात लावला नाही. कुणी मनाई केली नव्हती. चेष्टाच पुरली.

परवा भाच्यानं नवी गाडी घेतली. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि त्याच्या चुलत्यांपैकी एकजण म्हणाला, "किल्ली बापाच्या हातात देऊ नको रं, हिचा बी धूर काढतील." सगळे हसले. दाजी हसत हसत मागच्या सीटवर जाऊन बसले. मी त्यांच्या शेजारी होतो. भाचा गिअर बदलताना प्रत्येक वेळी दाजींचा डावा पाय खालच्या मॅटवर दाबला जात होता. हसू मात्र चेहऱ्यावर तसंच होतं. त्या दिवशी मला स्वतःचा पहिल्यांदा नीट राग आला. तोवर नुसती लाज वाटायची, आणि लाज बाळगत माणूस आरामात म्हातारा होतो.

हे वाचून कुणी म्हणेल, जुनं कशाला उकरता. उकरणार. कुणी म्हणेल, तुमचा हेतू वाईट नव्हता. माझा हेतू मला माहीत आहे, त्याची वकिली मला नको. दाजी स्वतः म्हणतील, "सोडा की पाव्हणं, गाडी गेली, माणसं वाचली." सोडणार नाही. माणसं वाचली ती दाजींनी वाचवली, आणि इंजिन नीट वागवलं असतं तर अजून धावलं असतं. या दोन्ही गोष्टी आता ज्याला हसायचंय त्यानं माझ्या तोंडावर हसून खोट्या ठरवाव्यात.

लिहिणं मात्र सोपं होतं, दाजी वाचत नाहीत. ज्या माणसांत बसून मी हसलो, त्याच माणसांत उभं राहून, दाजींसमोर, हे तोंडानं सांगायचं आहे. तेवढं मी त्यांचं देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.