बॉक्सरूममधली प्रकाशयोजना

त्या हिवाळ्यात आमच्या लंडनजवळच्या स्टॅनमोरच्या घरात नायिका एकच उरली होती, आणि ती कुंडीत होती.

दुसरी नायिका, म्हणजे माझी बायको, सांगलीला होती. सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला म्हणून ती दोन-तीन आठवड्यांसाठी गेली आणि तिथेच अडकली. निघताना दारात बॅग ठेवून मला म्हणाली, "कढीपत्ता जपा. तो गेला तर परत येऊन फोडणीत काय घालू?" मी मोठ्याने हसलो. पुढे दर फोनला तिच्या परतीची तारीख लांबत गेली, आणि ते वाक्य आठवलं की मला हसू येईनासं झालं. झाड जगलं तरच ही येईल, असं काहीतरी खुळ्यासारखं डोक्यात बसलं. मुलगी केंब्रिजला शिकत होती. तिचा फोन यायचा, पण तो आईची खबर विचारायला.

दिवस लहान झाले आणि किचनच्या खिडकीतलं झाड पानं गाळू लागलं. त्याला उजेड कमी पडत होता, हे मला लगेच कळलं. इथल्या मराठी मंडळाच्या नाटकांना इतकी वर्षं प्रकाशयोजना मीच करत आलो होतो. कुठल्या नायिकेला किती उजेड लागतो हे मला कोणी शिकवायचं?

पेट्रोल पंपामागे एक दुकान होतं, घरात झाडं वाढवायच्या सामानाचं. दुकानाच्या काचा काळ्या का, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. काउंटरमागे माझ्याच वयाचा, पांढऱ्या पोनीटेलचा मालक बसला होता.

"पहिलीच वेळ?" त्याने विचारलं.

"हो. एकच झाड आहे."

"कसलं ते सांगू नका. आमच्याकडे येणारे सगळे टोमॅटो लावतात."

"टोमॅटो नाही हो. करी लीफ."

त्याने डोळा मारला. "हे नाव पहिल्यांदाच ऐकतोय. मस्त आहे."

मग तो मला दिवे दाखवू लागला. सोडियमचा नारिंगी दिवा फुलांसाठी उत्तम, पण तापतो फार, लहान खोलीत नवशिक्याचं झाड भाजून निघतं. पांढरा-निळसर मोठा सीएफएल पानांसाठी. त्याची धग कमी, म्हणून झाडाच्या वर वीतभर अंतरावर टांगला तरी चालतो. "पानं वाढवायची तोवर अठरा तास उजेड, सहा तास अंधार. फुलं हवी झाली की बारा-बारा."

"फुलं नकोतच मला," मी म्हणालो. "फक्त पानं."

त्याने हातातला दिवा खाली ठेवला. "नुसती पानं? आणि पानांचं काय करणार?"

"गरम तेलात टाकणार."

तो स्टुलावर बसला. माझ्याकडे त्याने अशा काही करुणेने पाहिलं की मला तिथेच सगळा उलगडा झाला: इथले टोमॅटो म्हणजे गांजा, आणि त्याची किंमत फुलांना! पण आता माघार कशी घ्यायची? मी सीएफएल घेतला, टायमर घेतला, आणि नटसम्राटासारखा काळं दार उघडून बाहेर पडलो. मागून तो ओरडला, "आणि अंधार म्हणजे ठार अंधार हं! त्या सहा तासांत त्यांना झोप लागते."

आता अंधाराचे सहा तास नेमके कुठले? कोणीही रात्रीचे म्हणेल. मी माझ्या ऑफिसच्या वेळेतले निवडले. कारण सांगतो. ट्यूबमधून उतरून घराकडे चालत यायचो तेव्हा आख्ख्या गल्लीत आमचंच घर काळंकुट्ट असायचं. झाड वरच्या बॉक्सरूममध्ये, म्हणजे सामान ठेवायच्या चिमुकल्या खोलीत, हलवून टायमर लावला त्या दिवशी वळणावरून पाहिलं, तर दारावरच्या बॉक्सरूमची खिडकी लख्ख उजळलेली. मी चक्क बेल वाजवली. स्वतःच्या घराची. आणि दार उघडायची वाट बघत उभा राहिलो. मग खिशातली किल्ली काढली.

झोपतानाही बॉक्सरूमचं दार किलकिलं ठेवायचो. उजेडाची एक पट्टी माझ्या पलंगापर्यंत यायची. शेजारच्या खोलीत कोणीतरी वाचत बसलंय असं वाटायचं.

दिवसा खिडकीला काळं कापड लावायला हवं होतं. पण मग संध्याकाळी ती गल्लीतून दिसली नसती, म्हणून लावलं नाही. म्हणजे दिवसा सूर्य, रात्री सीएफएल. बिचारीला विंगेत जायला क्षणभरही मिळेना. भरीला, बायको उन्हाळ्यात घालते तसं मी आंबट ताक कुंडीत घालत होतो. दिव्याच्या उबेत त्याला जो वास सुटला, तो काय वर्णावा! पानं तर अजूनच गळत होती.

एका शनिवारी दुपारी बेल वाजली. शेजारच्या घरात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाई. आमचं आजवरचं संभाषण कचऱ्याचे डबे कधी बाहेर ठेवायचे एवढंच. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "खिडकीतला दिवा पाहिलाय मी. वासही येतो. पोलिसांबिलिसांना मी काही सांगणार नाही. फक्त माझे गुडघे फार दुखतात. चिमूटभर मिळेल का?"

मी त्यांना सन्मानाने वर नेलं. त्यांनी चष्मा लावून ती काटकी पाहिली, एक पान चुरगळून हुंगलं.

"हे ते नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"मग हा घाण वास?"

"ताकाचा."

इतका निराश चेहरा मी आमच्या प्रेक्षकांतही पाहिला नव्हता. मी चहा केला. निघताना त्या म्हणाल्या, "तुमचा दिवा रात्रभर असतो ना, मला वाटायचं तुम्हीही जागेच असता. बरं वाटायचं."

रविवारी बायकोला ही सगळी गोष्ट फोनवर साभिनय ऐकवली. ती पोट धरून हसली. मग एकदम म्हणाली, "थांबा. दिवा रात्रभर? दिवेलागणीनंतर आपण झाडाचं पानसुद्धा खुडत नाही, आणि तुम्ही त्याच्या डोळ्यांवर बॅटरी मारताय? मारून टाकाल हो त्याला. रात्री बंद ठेवत जा."

"रात्रीच तर लागतो तो."

"झाडाला?"

मी फोन या कानावरून त्या कानाला लावला.

"अहो, घरात फार अंधार वाटतो का?"

"लोडशेडिंग चालू आहे," मी म्हणालो.

"ते इथे सांगलीत," ती म्हणाली, पण आवाज बारीक झाला होता.

मी टायमर फिरवला. दिवा पहाटे लागून माझ्या झोपायच्या वेळेला विझायचा. ताक बंद केलं. ती पट्टी गेली. पहिले काही दिवस मी छताकडे बघत पडून राहिलो, दुसरं करणार काय? दिवा विझवल्याच्या दुसऱ्याच सकाळी शेजारच्या बाई दारात. "काल उजेड नव्हता. बरे आहात ना?"

"झाड झोपलं होतं," मी म्हणालो. त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि चहाला आत आल्या.

काटकीच्या टोकाला पोपटी कोंब दिसला तेव्हा बाहेर अजून बर्फ होतं. पानं जरा मोठी होऊ दिली, आणि मग एका दुपारी सांगलीला फोन लावला. "काही बोलू नकोस, नुसतं ऐक," म्हणालो. कढईत तेल, मोहरी, आणि वर दोन पानं. रिसीव्हर कढईपाशी धरला. असा तडतडाट झाला की मीच मागे सरकलो.

परतीची तारीख विचारायची नाही असं मी ठरवलं होतं, आणि विचारली नाही.

"अहो," ती म्हणाली, "मोहरी जळली तुमची."

"तुला काय माहीत?"

"आवाजावरून कळतं. पुन्हा करा, नीट. मी फोन धरते."

मी कढई पुसली आणि नवीन तेल ओतलं.