सिसिलियाचा रविवारचा फोन

रविवारी सकाळी साडेसहाला फोन वाजला, सिसिलियाचं नाव दिसलं, आणि माझ्या मनात पहिलं जे आलं ते सांगायची लाज वाटते. ‘लागली ही परत कामाला,’ असं आलं. किडन्यांनी साथ सोडल्यापासून ती कित्येक महिने अंथरुणात होती आणि तेवढे सगळे रविवार मी आठपर्यंत निवांत झोपत होते. फोन मी वाजू दिला. पुन्हा वाजला तेव्हा उचलला, तर पलीकडे तिचे यजमान, अंतोन. “सिसिल गेली पहाटे,” एवढंच बोलले. माझा नंबर त्यांच्याकडे नव्हता, म्हणून तिच्याच फोनवरून करत होते.

वटार गावात आमच्या दोघींची घरं एकाच आळीत. ती टेलिफोन खात्यातून निवृत्त झाली, मी बँकेतून, आणि दोघींनाही घरात बसवेना म्हणून आम्ही आसपासच्या दहा-बारा जणांना गोळा करून बागप्रेमी मंडळ काढलं. रस्त्याकडेला झाडं लावायची, शाळेत जाऊन ओल्या कचऱ्याचं खत करून दाखवायचं, असली कामं. मंडळाचा एक रिवाज सिसिलियानेच पाडला होता. घरात नवं काही रुजलं की ते एकट्याने ठेवायचं नाही, पुढच्या बैठकीत सगळ्यांना वाटायचं. या रिवाजापायी माझ्याकडे सोनटक्का आला, तिच्या माहेरचा मोगरा आला... आणि एका वर्षी जलपर्णीही आली. ती तिने कुठल्याशा नर्सरीतून आणली होती. पाण्यावर तरंगणारी हिरवीगार पानं आणि वर फिकट जांभळ्या फुलांचा तुरा. आम्ही सगळे हरखलो. झाडाझुडपांतलं आपल्याला कळतं अशी घमेंड असलेल्या एकालाही पुढचं सुचलं नाही. प्रत्येकाने पिशवी पुढे केली, आणि मी तर दोन रोपं मागून घेतली.

आमच्या आळीचं पावसाचं पाणी गटारातून शेवटच्या बावखलात उतरतं. बावखल म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं जुनं तळं, ज्याच्या जिवावर आजूबाजूच्या विहिरी आणि वाड्या टिकून आहेत. दोन पावसाळ्यांत ते असं झाकलं गेलं की पाणी दिसेना, खालचे मासे मरून वर आले. बैठकीत सगळे एकमेकांकडे बघत होते. सिसिलिया उठली आणि म्हणाली, “माझ्याच टबातनं गेली ती. मीच आणली, मीच काढीन.” सगळ्यांना सुटल्यासारखं झालं, मलाही. नंतर तर आम्ही तिची थट्टाच करायचो, जलपर्णीला ‘सिसिलची माहेरवाशीण’ म्हणायचो, आणि हे नाव मीच पाडलं होतं.

तेव्हापासून दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला जायच्या आधी तिचा फोन. “उठलीस काय गे?” लांब बांबूला लोखंडी आकडा बांधून तिने आकडी केली होती. काठावर उभी राहून ती जलपर्णी ओढायची आणि मुळं वर करून पसरायची, कारण मुळं मातीला लागली की ती मरत नाही. वाळली की शेजारचे वाडीवाले केळीच्या बुंध्याशी घालायला न्यायचे. मी नाकं मुरडत जायचे, तासभर ओढायचे, कंबर धरून परत यायचे. आणि परत आल्यावर काय करायचे? पाय धुऊन गच्चीवर जायचे. तिथे पाण्याच्या टाकीमागे माझा टब होता. बाकीच्यांनी आपापली जलपर्णी कधीच टाकून दिली होती, माझ्याच्याने होत नव्हतं. एवढं सुंदर फूल, एक टब राहिला तर काय बिघडतं, अशी मी स्वतःची समजूत घालायचे. मुसळधार पावसात तो टब भरून वाहायचा, पन्हाळीतून गटारात, तिथून बावखलात. काढलेली जलपर्णी दर पावसाळ्यानंतर पुन्हा कुठून येते याचं सिसिलियाला नवल वाटतं, असं मी समजत होते.

जायच्या आठवडाभर आधी मी तिला भेटले. खूप वाळली होती. तिने विचारलं, “बावखल कसं हाय?” मी म्हटलं, “छान आहे, पाणी दिसतंय.” मी तिकडे फिरकलेही नव्हते. तिने मान हलवली. थोड्या वेळाने डोळे मिटूनच म्हणाली, “पावसात टबावर जाळी टाकत जा गे बाय. पाणी जाऊ दे, रोप नको जायला...” मी तिचं पांघरूण सारखं करत राहिले. तिला सगळं माहीत होतं. कधीपासून, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने मला फूल ठेवू दिलं आणि बोल स्वतःवर घेतला.

तिच्या महिन्याच्या मिस्सानंतर मंडळाने ठरवलं की बावखलाच्या काठी तिच्या नावाची पाटी लावायची. मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. तिने बावखल स्वच्छ ठेवलं, एवढंच त्यात लिहिलंय. ते कुणामुळे पुन्हा पुन्हा भरत होतं, हे पाटीवर लिहायला कोणी दिलं नसतं, म्हणून इथे लिहिलं.

अंतोननी आकडी माझ्याकडे दिली. त्यांच्या अंगणात सिसिलियाचा टब उपडा पडला होता. बावखल झाकलं गेलं तेव्हापासून त्यात तिने काहीच लावलं नव्हतं म्हणे. घरी येऊन मी माझा टब उपसला, जलपर्णी मुळं वर करून गच्चीवर पसरली. ती लवकर वाळत नाही. एका तुऱ्याचा रंग बरेच दिवस तसाच होता.

अंतोनना मी एक विनंती केली आहे. रविवारी साडेसहाला तिच्या फोनवरून मला एक रिंग द्यायची. ते न चुकता देतात. तिचं नाव दिसतं... मी फोन उचलत नाही. उठते आणि दाराआडची आकडी घेते.