कुंतानं आधी खाल्लं

पहिली निवडणूक होऊन गेली, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. मूल गावाच्या रस्त्यापासून आत, तलावाकाठी मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या वस्तीत कुंता सून म्हणून आली त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती.

घरातली पुरुषमाणसं पहाटे तलावावर जात. ती परतेपर्यंत कुंतानं रताळी उकडून ठेवायची. मडक्याच्या तळाशी तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, अंथरायची, वर रताळी रचायची, ओंजळभर पाणी अन् चिमूटभर मीठ टाकून तोंड बंद करायचं. सासरा मनसाराम आणि नवरा इस्तारी खाऊन आडवे होत. मग मासळीची टोपली डोक्यावर घेऊन कुंता चार कोस बाजाराला निघे. बायांनी पुरुषांच्या मागून खायचं, अशी रीत. मागे उरत ती बोटभर टोकं, नाहीतर सालं.

पौषातल्या एका सकाळी ती वाटेतच चक्कर येऊन पडली. मासळी धुळीत सांडली, कावळ्यांनी निम्मी नेली. घरी आल्यावर सासू इंदिराबाई म्हणाली, "आमी नाई का गेलो उपाशी? पाहून चालत जाय."



दुसऱ्या दिवशी रताळी शिजली, तशी तिनं त्यातली दोन मोठी काढली आणि उंबऱ्यावर बसली. अंगणाकडे तोंड करून, फुंकर घालत खाऊ लागली. एवढ्यात खांद्यावर जाळं घेऊन मनसाराम आला. मागे इस्तारी होता.

"काऊन वं?" मनसाराम म्हणाला. "आमी भुके हावो अन् तू पहिले खाऊन राह्यली?"

"हो, मामाजी. तलावात तुमी जाता, बाजारात मी जातो. भुकं पोट चार कोस जात नाई."

"मंग मायेरी जाय!"

"जातो. टोपली तुमीच न्या मंग."

इस्तारी खाली मान घालून जाळं झटकत राहिला. कुंता जागची हलली नाही. ऊन वर चढू लागलं, टोपलीवर माश्या बसू लागल्या. शेवटी मनसारामनं टोपली उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतली. सुनेनं आधी खाल्लेल्या मडक्यातलं खाणार नाही, असं म्हणून तो उपाशीच चालू लागला. वस्तीतल्या बाया दारात येऊन पाहत राहिल्या. पुरुषमाणूस टोपली घेऊन बाजाराला निघालेला त्यांनी कधी पाहिला नव्हता.

दिवस मावळता मावळता तो परतला. ओटीवर बसून कितीतरी वेळ पाय चोळत होता.  दुसऱ्या दिवशी सकाळी तलावावरून आला, तेव्हा कुंता उंबऱ्यावर खात होती. तिच्याकडे पाठ करून त्यानं हात धुतले आणि तिचं खाणं होईपर्यंत थांबला. माहेरी जाण्याचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

इंदिराबाईला मात्र ते सोसलं नाही. महिनाभर तिनं सुनेशी अबोला धरला. एकदा पाणी भरता भरता एकदम फुटली, "तुले जमलं, तं मले काऊन नाई जमलं? मायी तीस वर्सं कायले गेली मंग?"  कुंतानं सासूच्या हातची घागर घेतली आणि घरी आणून ठेवली.

फाल्गुनात एका सकाळी कुंता सरपण घेऊन आत आली, तर इंदिराबाई चुलीपाशी उभी होती. भिंतीकडे तोंड, हातात गरम रताळं. सून दिसताच तिनं ते पदराखाली झाकलं.

कुंतानं पाट सरकवला. "बसून खा, बाई. उभ्यानं खाल्लं तं चोरल्यावानी वाटते."

बाहेर पुरुषांची चाहूल लागली होती. इंदिराबाईनं दाराकडे पाहिलं, पदर खोचला आणि पाटावर बसली.

"येऊ दे त्यायले," ती म्हणाली. "अजून एक दे."