मांडवीच्या केरूचं गाऱ्हाणं

केरू पिलणकराला वाचता येत नव्हतं, पण वर्तमानपत्रावर दात-ओठ खायला वाचता यावं लागत नाही. दर शनिवारी दुपारी तो रत्नागिरीच्या मांडवी बंदरावरच्या रावजीच्या दुकानात यायचा, बाकड्याचं टोक धरायचा आणि लंगडा पाय पुढे लांब करून बसायचा. रावजी गूळ-तेल विकायचा, चहा करायचा आणि 'बंदरवार्ता' हे साप्ताहिक मोठ्यानं वाचून दाखवायचा. त्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे बत्तीसच्या हिवाळ्यात, दुकानात गुळापेक्षा बातमीला जास्त गिऱ्हाईक होतं, कारण बातमी मांडवीच्या दर्यावर्दी फुटबॉल क्लबाची होती.

केरू एके काळचा खलाशी. ऐन तिशीत डोलकाठी पायावर पडली आणि दर्या सुटला. तेव्हापासून तो बंदरावर नारळाच्या झापाखाली बसून शिडं शिवायचा. दाभणानं नऊ टाके घातले की एक दुहेरी गाठ मारायची, ही त्याच्या उस्तादाची रीत. रत्नागिरीपासून दाभोळपर्यंत कुठलंही शीड हातात घेतलं की नवव्या टाक्यावरून माणसं सांगत, हे केरूचं काम. क्लबाचा चामड्याचा फुटबॉल उसवला की तोही याच हाताखाली यायचा.

पाय गेला तरी आवाज शाबूत होता. समुद्रात होडीवरून होडीला हाळी घालून कमावलेला आवाज. ओहोटीची वेळ बघून पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, सामना लागला की केरू बांबूच्या आधारानं गोलच्या खांबाशी उभा राहायचा आणि सुरू व्हायचा. समोरच्या क्लबातले वकील-कारकून म्हणायचे, दर्यावर्दींचे अकरा खेळाडू परवडले, हा बारावा आवरा. ही तक्रार केरूला शाल-श्रीफळासारखी वाटायची. घरी बायको, राही, त्याला विचारायची की क्लबात खेळत नाही, क्लबाचा पैचा हुद्दा नाही, मग एवढा घसा कशाला कोरडा करायचा. केरू सांगायचा, "तुला कळायचा नाय गो."

शील्ड स्पर्धेच्या उपांत्य सामन्याच्या आठवडाभर आधी क्लबाचा गोलकीपर दादू याच्या हाताचं बोट नांगराच्या दोरात सापडून मोडलं. तेव्हा जयगडच्या बाबल्याला उभं केलं. बाबल्याचे हात होडीच्या वल्ह्याएवढे, पण अडचण नियमाची होती. शील्डमध्ये खेळायचं तर माणूस सहा महिने शहरात राहिलेला हवा. आता बाबल्या कौलं वाहणाऱ्या मचव्यावर, म्हणजे मोठ्या शिडाच्या होडीवर, खलाशी होता आणि मचवा पावसाळा सोडला तर निम्मा वेळ मांडवीला नांगरलेला. नांगरलेला मचवा शहरात धरायचा की समुद्रात, यावर दुकानात दोन दिवस खल झाला. शेवटी, नांगर तर शहराच्याच चिखलात रुतलाय ना, असं ठरलं आणि बाबल्या खेळला. क्लब एका गोलनं जिंकला.

त्या आनंदात केरूला काही दिवस दुसरं सुचेना. समोर शीड शिवून घ्यायला आलेला तांडेल असो, की यंत्रावर घालायला जाड कापडाचं आच्छादन शिवून मागणारा एखादा चष्मेवाला पांढरपेशा असो, केरूच्या हातांबरोबर तोंड चालायचं आणि तोंडात बाबल्याच असायचा.

मग पहिली बातमी आली. रावजीनं वाचली: 'दर्यावर्दी क्लबाने परगावचा गोलकीपर खेळवला असून हा इसम मचव्यावर राहतो, असे समजते.'  दुसऱ्या शनिवारी 'क्लबावर दोन वर्षांची बंदी येण्याचा संभव आहे, असे खात्रीलायक समजते.' तिसऱ्या शनिवारी क्लबानं गेल्या साली जिंकलेलं शील्डही परत जाणार होतं. चौथ्या शनिवारी क्लबच मोडीत निघणार होता.

या बातम्यांनी मांडवीची पार दैना केली. माणसं मासळी उतरवताना बंदीचं बोलत, जेवताना बंदीचं बोलत. कुणी म्हणे शील्डच्या कमिटीतला अमका आपल्या बाजूचा आहे, कुणी म्हणे तोच उलटला आहे. खरं कुणालाच माहीत नव्हतं आणि शनिवार काही चुकवता येत नव्हता. केरूला मात्र बंदीपेक्षा एकच गोष्ट खात होती. नांगराची आणि मचव्याची बात दुकानाबाहेर गेली कशी? कुणीतरी आतलाच फुटला होता. तो सापडला की त्याचं काय करायचं हे केरूनं टाके घालता घालता ठरवून ठेवलं होतं, आणि दर टाक्याला ते थोडं वाढत होतं.

दुसऱ्याच शनिवारी त्यानं भर दुकानात बोट दाखवलं.

"ज्याची जागा गेली त्यालाच पोटशूळ," तो म्हणाला. "दादूला विचारा."

दादू बाकड्याच्या मधोमध बसला होता, बोटाला फडकं गुंडाळून. तो म्हणाला, "मी कुणाशी बोललेलो नाय."

"चोर असाच बोलतो."

झालं. दादूच्या डावीकडचा माणूस उठला, मग उजवीकडचा. पुढच्या शनिवारी दादू आला तेव्हा सगळं बाकडं रिकामं झालं आणि तो एकटाच बसून बातमी ऐकून गेला; त्यानंतरही दर शनिवारी तेच. केरूला तेवढ्यानं समाधान नव्हतं. दादूच्या होडीचं फाटलं शीड त्याच्याकडे शिवायला आलेलं होतं. ते त्यानं घडी करून काथ्याच्या ढिगाखाली सारलं. दादू विचारायला आला की, "वेळ नाय." ऐन हंगामात दादूची होडी किनाऱ्यावर पडून राहिली आणि त्याची बायको तुळसा दुसऱ्यांच्या अंगणात मासे सुकवायला जाऊ लागली. केरू हे रोज झापाखालून बघायचा. त्याला बरं वाटायचं, हे लपवण्यात अर्थ नाही.

तरी पुरावा नव्हता. तिसऱ्या शनिवारनंतर केरूनं देवाचीच मदत घ्यायचं ठरवलं. साऱ्या वाडीला घेऊन तो ग्रामदैवत भैरीच्या देवळात गेला. नारळ ठेवला आणि म्हाताऱ्या गुरवाला म्हणाला, "गाऱ्हाणं घाला. ज्यानं आमची बातमी छापेवाल्याला दिली, त्याची जीभ झडू दे."

गुरव म्हणाला, "खेळातला गुन्हा हाय. खेळापुरतं माग."

केरूला हे मिळमिळीत वाटलं, पण देवळात वाद घालता येईना. "बरं. मंग तो सामन्याला उभा राहिला की त्याची वाचा बंद कर. परत कधी पुळणीवर त्याच्या तोंडातून शब्द फुटता नये."

गुरवानं हात जोडून सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, बारा वाड्यांच्या भैरीबुवा, ज्या कुणी ही बातमी नेली, तो घरचा असो वा बाहेरचा..." दर वाक्याला साऱ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं ते मागे खांबाशी एकट्या उभ्या असलेल्या दादूनं. केरूनं वळून पाहिलं आणि मनात म्हणाला, काय निगरगट्ट माणूस आहे.

चौथ्या शनिवारी क्लब मोडीत निघणार असं ऐकल्यावर केरूचा तोल गेला. सोमवारी सकाळी तो बांबू घेऊन छापखान्याकडे निघाला. राहीनं दारात अडवलं. "तुमी शिव्या देणार आणि त्ये त्याच छापणार," ती म्हणाली. त्यानं ऐकलं नाही. छापखाना बाजाराच्या मागच्या गल्लीत होता. केरूनं दार ढकललं, तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं.

समोर छापायचं यंत्र होतं आणि त्यावर जाड कापडाचं आच्छादन. कडेनं टाके गेले होते. नऊ टाके, दुहेरी गाठ. नऊ टाके, दुहेरी गाठ.

"या, या," चष्मेवाला संपादक उठून म्हणाला. "फार नामी शिवलंत हो. कौलं गळतात, पण थेंब आत जात नाही."

केरूला बसायला स्टूल दिलं. तो बसला नाही. "बाबल्याची बातमी तुमाला कुणी दिली?"

संपादकाला नवल वाटलं. "कुणी म्हणजे? तुम्हीच की. हे शिवताना अख्खी दुपार सांगत होतात. नांगर, चिखल, सगळं. हसून हसून पुरेवाट झाली माझी."

"मी गोष्ट सांगत होतो."

"मग आम्ही तीच छापली."

"आणि बंदीचं? ती कमिटी बोलली?"

"कमिटी अजून बसलीच नाही. येत्या गुरुवारी बसायची आहे. लोक विचारतात पुढे काय होणार, तर संभव काय काय आहेत ते आम्ही लिहितो." हे बोलताना त्याच्या चेहऱ्यावर पाप नव्हतं, आणि त्याचाच केरूला जास्त राग आला. मारायला यावं आणि समोरच्यानं बसायला स्टूल द्यावं, तसं झालं. महिनाभर पोसलेला सूड हातात तयार होता आणि तो उगवायला स्वतःखेरीज कुणी उरलं नव्हतं.

झापाखाली येऊन त्यानं काथ्याचा ढीग उपसला. दादूचं शीड काढलं आणि दिवसभर मान खाली घालून शिवलं. मंगळवारी ते खांद्यावर टाकून लंगडत दादूच्या दारात गेला.

"बातमी माझ्याच तोंडातून गेली," तो म्हणाला. "मला ठावं नव्हतं तो छापेवाला हाय म्हणून."

दादूनं शीड उलगडलं, टाके तपासले, परत घडी घातली. तुळसा आतून ऐकत होती.

"माझं नाव घेतलंस तेव्हा दुकान भरलेलं होतं," दादू म्हणाला. "आता एकट्याला सांगतोस?"

केरू लंगडत परत फिरला. सगळ्यांसमोर सांगायचं म्हणजे बाकड्यावरची जागा गेली, खांबाजवळची जागा गेली, क्लबाचा बारावा माणूस गेला. दुसरं त्याच्याकडे होतं काय?

तिथून तो देवळात गेला. गुरवाला त्यानं सगळं सांगितलं. गुरव हसला नाही. "नारळ आण. चुकीनं घातलेलं गाऱ्हाणं मागं घेता येतं."

केरू पायरीवर बसला. मग म्हणाला, "बाबा, चोर दादू निघाला असता तर मी मागं घेऊ दिलं असतं काय?"

"नाय."

"मंग राहू दे."

गुरुवारी कमिटी बसली आणि चहा होईस्तोवर उठली. उपांत्य सामना कायम, क्लबाला समज, बाबल्यानं पुन्हा खेळायचं नाही. महिनाभर ज्याच्या धास्तीनं मांडवीला घास गिळवत नव्हता, ते एवढंच निघालं. बाबल्या खेळणार नाही म्हटल्यावर क्लबाला दादूची आठवण झाली. त्याच्याशी कुणी नीट बोललं नाही, नुसतं उभा राहा म्हणून सांगितलं. तो आला.

रविवारी ओहोटीला अंतिम सामना. केरू खांबाशी आपल्या जागी उभा राहिला आणि आपलंच गाऱ्हाणं पाळायला त्यानं तोंड मिटून घेतलं. माणसं ढोसत होती, "अरे ओरड की, मेल्या." दर्यावर्दींचा पहिला गोल झाला तेव्हा हाळी आपोआप त्याच्या ओठांवर आली. त्यानं बांबू एवढा आवळला की सालपट हाताला लागलं, पण आवाज सोडला नाही. दादूनं मोडक्या बोटानं तीन चेंडू अडवले आणि दर वेळी चेंडू छातीशी धरून तो केरूकडे बघत राहिला. त्या बघण्यात दया नव्हती. दर्यावर्दी जिंकले, शील्ड राहिलं, पुळणीवर माणसं नाचली, आणि केरू मुक्यासारखा घरी गेला.

पुढच्या शनिवारी रावजीनं वाचलं: 'दर्यावर्दींचा प्रसिद्ध आवाज अंतिम सामन्यात ऐकू आला नाही. सदर गृहस्थ आतून प्रतिस्पर्धी क्लबास सामील झाला असून क्लबाच्या बातम्याही तोच बाहेर नेत होता काय, अशी चर्चा आहे.'

रावजीनं कागद खाली ठेवला. सगळ्यांनी केरूकडे पाहिलं. कुणीतरी म्हणालं, "खोटारडा मेला, काय वाट्टेल ते छापतो." मांडवी अजूनही त्याच्याच बाजूनं होती. नुसतं गप्प राहिलं तरी चाललं असतं. दादू दाराशी उभा राहून ऐकत होता.

"ह्या खेपेला खरं छापलंन," केरू म्हणाला. "सामील नाय झालो. पण बातमी माझीच. दादूचा काडीचा संबंध नाय."

त्यानं आच्छादनापासून गाऱ्हाण्यापर्यंत सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर त्याच्या डावीकडचा माणूस उठला, मग त्याच्या पलीकडचा. एकेक करून बाकडं रिकामं झालं. रावजी कपबशा आवरू लागला.

तेव्हा दादू आला आणि बाकड्यावर केरूच्या शेजारी बसला. केरूला क्षणभर वाटलं, सुटलो.

"चार शनिवार मी असा बसलो," दादू म्हणाला. "तू पण बस."

मग तो उठला आणि निघून गेला. केरू बसून राहिला आणि पुढच्या शनिवारीही वेळेवर आला.