धारेचा दगड

मागच्या दारी बाबा धारेचा दगड धुताहेत. दगड सरकू नये म्हणून खाली ओलं गोणपाट घातलंय. थोडं रॉकेल ओतून ते जुन्या टूथब्रशनं घासतात. पूर्वी लोखंडाचा काळा गाळ निघायचा. आता पाणी स्वच्छच वाहतं. मग फरशीवर वाळू टाकून दगड पालथा घासतात, सपाट राहावा म्हणून. एरवी थरथरणारा हात तेवढा वेळ शांत असतो.

बाबा सुतार. हात थरथरू लागला, आठवणही दगा देऊ लागली, तेव्हा त्यांनीच लाकूड तासायच्या सगळ्या पटाश्या आईकडे दिल्या. म्हणाले, “कुलपात ठेव. मी मागितल्या तरी देऊ नकोस.”

हे सांगितल्याचं ते विसरले. दगड धुवायचं मात्र विसरले नाहीत. दर रविवारी दगड पुसून झाला की हाक मारतात, “अगं, पटाशी आण.” आई दारात येऊन म्हणते, “नाही.” ते रुसतात, जेवत नाहीत. मग आईही जेवत नाही.

दगड झिजत चाललाय. धार लावून नव्हे, नुसता धुऊन. माणसंही अशीच झिजत असतील, नुसती जपता जपता.

आज दगड पुसून झाला, फडक्यात गुंडाळूनही झाला. आई दारात येऊन थांबली होती. बाबांची हाक आलीच नाही. शेवटी तिनंच विचारलं, “पटाशी हवीय?”

बाबांनी वर पाहिलं. “कसली पटाशी?”

आई आत गेली. थोड्या वेळानं कुलूप उघडल्याचा आवाज आला.